सर्बियन ‘वूक’ हे नाव मराठीत कसे आणावे?

नमस्कार. तुम्ही दिवाळी अंकासाठी एका सर्बियन कथेचा अनुवाद करीत आहात. कथा एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यातली आहे, आजीची तीन नातवंडे आधी दगावली आहेत, आणि चौथ्या, आजारी नातवाचे नाव ‘वूक’ आहे. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ लांडगा असा निघाल्यामुळे नाव तसेच ठेवावे की ‘लांडग्या’सारखे मराठी रूप घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. त्याशिवाय वुक, वूक की व्हूक असे लिहावे, मूळ मजकुरात भेटणारे वुका, वुकू आणि वूचे ही वेगळी माणसे आहेत का, आणि सर्बियन इतिहासातला वूक नावाचा सरदार विश्वासघातकी मानला जात असल्यामुळे लेखकाने हे नाव सूचक म्हणून योजले असेल का, अशाही शंका तुम्ही मांडल्या आहेत. मी गेली बरीच वर्षे सर्बियनमधून मराठीत अनुवाद करते, आणि यांतल्या प्रत्येक शंकेपाशी मी स्वतः कधी ना कधी थांबलेली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

माझ्या मते या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हे नाव मुलाविषयी काही सांगते, की मुलाच्या आसपास वावरणाऱ्या कुणाला तरी काही सांगते? आपण नावाचा अर्थ पाहतो तेव्हा ते नाव म्हणजे माणसाचे वर्णन असावे, असे नकळत धरून चालतो. ‘वूक’च्या बाबतीत ही समजूत फसवी ठरते. मूल लांडग्यासारखे क्रूर व्हावे म्हणून हे नाव ठेवले जात नसे. मुलाला खायला येणाऱ्या चेटकिणीला धाक बसावा, यासाठी ते ठेवले जाई.

हा तर्क माझा नाही, तो खुद्द या नावाच्या सर्वांत प्रसिद्ध माणसाने लिहून ठेवलेला आहे. वूक स्तेफानोविच कराजिच यांचा जन्म १७८७ साली पश्चिम सर्बियात, लोझ्नित्साजवळच्या त्रशिच या खेड्यात झाला. त्यांच्या आधीची भावंडे जगली नव्हती. १८१८ साली त्यांनी व्हिएन्नात आपला सर्बियन शब्दकोश प्रसिद्ध केला. सव्वीस हजारांहून अधिक शब्दांच्या या कोशात जर्मन आणि लॅटिन अर्थ तर आहेतच, पण जागोजागी लोकसमजुती आणि चालीरीतीही नोंदवलेल्या आहेत. चेटकीण या अर्थाच्या शब्दाखाली त्यांनी सांगितले आहे की अशा बाईच्या अंगात सैतानी शक्ती असते, ती झोपली की ती शक्ती बाहेर पडून फुलपाखराचे किंवा कोंबडीचे रूप घेते, घराघरांवरून उडते आणि माणसांना, विशेषतः तान्ह्या मुलांना खाते. ज्या बाईची मुले जगत नाहीत ती नव्या बाळाचे नाव वूक ठेवते, कारण चेटकीण लांडग्यावर हल्ला करायला धजणार नाही अशी समजूत आहे, आणि आपले नावही याच कारणाने ठेवले गेले, असे ते तिथेच नमूद करतात. तुमच्या कथेतील तीन दगावलेली नातवंडे आणि चौथ्याचे हे नाव यांचा संबंध सर्बियन वाचकाला न सांगता कळतो. मराठी वाचकाला तो कळवणे हे तुमचे खरे काम आहे.

मराठी वाचक या बाबतीत परका नाही. ज्या घरात मुले जगत नसत तिथे दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू अशी नावे ठेवण्याची रीत आपल्याला माहीत आहे. कुठे मूल उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणत, कुठे ते नावापुरते दुसऱ्याला देऊन चिमूटभर धान्याच्या मोबदल्यात परत घेत. पुढे तीच नावे माणसांनी सन्मानाने वागवली. महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव उच्चारताना कोणाच्याही मनात धोंडा येत नाही. म्हणून अनेक नवे अनुवादक ‘वूक’ म्हणजे सर्बियन ‘दगडू’ असे समीकरण मांडतात. मीही सुरुवातीला तेच मांडत असे, पण आता मांडत नाही. दोन्ही नावांचा हेतू एक असला तरी वाट उलटी आहे. दगडू हे नाव मुलाला क्षुल्लक करून लपवते. मृत्यूने त्याच्याकडे पाहावे आणि हे काय, दगड, म्हणून पुढे जावे, अशी ती याचना आहे. वूक हे नाव मुलाला भीतिदायक करून उभे करते. इथे लपणे नाही, दात दाखवणे आहे. तुमच्या कथेतल्या आजीचा स्वभाव कसा आहे हे मला माहीत नाही, पण तिने किंवा घरातल्या कोणी हे नाव निवडले असेल, तर त्या निवडीत एक झुंजारपणा आहे, आणि ‘दगडू’ लिहिले की तो नाहीसा होतो.

‘लांडग्या’ हे रूप तर त्याहून घातक आहे. मराठीत लांडगा हा लबाड, हावरा, कळपावर टपून बसलेला प्राणी आहे. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकतच आपण मोठे झालेलो असतो आणि ‘लांडग्या’ ही हाक शिवीसारखी ऐकू येते. सर्बियन लोकपरंपरेत लांडग्याची भीती आहेच, मेंढपाळांच्या देशात ती असणारच, पण त्या भीतीला आदराची जोड आहे. तेथील राष्ट्रसंत साव्हा यांना लोककथांमध्ये लांडग्यांचा धनी मानतात. ते लांडग्यांना एकत्र जमवतात आणि कोणी काय खायचे ते वाटून देतात. हिवाळ्याच्या तोंडाशी लांडग्यांसाठी पाळायचे काही दिवसही असत. आपल्याकडे ही जागा लांडग्याला नाही, वाघाला आहे. ‘वाघाचा बच्चा’ या शब्दांत जे कौतुक आहे आणि ‘वाघोजी’ या जुन्या नावात जो दरारा आहे, तो सर्बियन कानाला ‘वूक’मध्ये ऐकू येतो. तरीही वूकचा ‘वाघोजी’ करावा असे मी सुचवणार नाही. सर्बियाच्या डोंगरातले खेडे त्या एका शब्दाने सह्याद्रीत येऊन पडेल आणि चेटकीण, लांडगा, मेंढरे, बर्फ यांचे जे जाळे लेखकाने विणले आहे ते उसवेल.

नावाचे भाषांतर करावे की नाही, या वादात एक जुना दाखला मला फार बोलका वाटतो. १८१८च्या त्याच शब्दकोशाच्या जर्मन शीर्षकात कर्त्याचे नाव ‘वोल्फ स्टेफानझोन’ असे छापले आहे, म्हणजे ‘लांडगा, स्टेफानचा मुलगा’, आणि लॅटिनमध्येही त्याच अर्थाने ‘लुपुस’ असे रूप आहे. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८२४ साली, याकोब ग्रिम यांनी कराजिचांच्या व्याकरणाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा शीर्षकात ‘वूक स्तेफानोविच’ हेच नाव जर्मन अक्षरांत आले. एक अनोळखी माणूस युरोपीय वाचकांपुढे प्रथम येतो तेव्हा नावाचा अर्थ सांगावासा वाटतो, आणि तो माणूस ओळखीचा झाला की नावच पुरेसे होते. तुमच्या कथेतही हाच क्रम पाळता येईल. अर्थ एकदा, सुरुवातीला, कथेच्या ओघात सांगावा आणि नंतर फक्त नाव वापरावे.

अर्थात हे सगळे कथेच्या काळावर आणि स्थळावर अवलंबून आहे. कथा आजच्या बेलग्रेडमधली असती, तर मी यातले निम्मे सल्ले मागे घेतले असते. आज एखाद्या शहरी दांपत्याने मुलाचे नाव वूक ठेवले तर त्यामागे चेटकिणीची भीती नसते. नाव छोटे आहे, जुने आहे, अस्सल सर्बियन आहे आणि कराजिचांची आठवण त्यात आहे, एवढे पुरते. १९४६ साली जन्मलेले लेखक आणि राजकारणी वूक द्राश्कोविच, किंवा १९७५ साली जन्मलेले, सर्बियाचे परराष्ट्रमंत्री आणि पुढे २०१२-१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झालेले वूक येरेमिच यांच्या नावांचा उल्लेख होताना सर्बियात कोणाच्याही डोळ्यांपुढे लांडगा येत नाही. तुमची कथा एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यात घडते आणि तिच्यात मरणाची छाया आहे, म्हणूनच तिथे नावाचा अर्थ जागा ठेवावा लागतो.

आता विश्वासघातकी सरदाराची शंका. तो म्हणजे वूक ब्रांकोविच. तो राजा लाझारचा जावई. जून १३८९ मध्ये कोसोवोच्या मैदानावर ऑटोमन सैन्याशी जी लढाई झाली तीत लाझार आणि सुलतान मुराद दोघेही मेले आणि वूक ब्रांकोविच जिवंत राहिला. पुढे वीरगीतांनी त्याला लाझारचा घात करणारा ठरवले. १६०१ साली दुब्रोव्हनिकच्या माव्रो ओर्बिनी यांनी लिहिलेल्या इतिहासात हा आरोप त्याच्या नावानिशी आला आणि गीतांतून तो घरोघर पोहोचला. मात्र त्या काळच्या कागदपत्रांत या घाताचा पुरावा नाही. उलट लाझारची विधवा आणि मुलगा यांनी १३९० मध्ये ऑटोमन अधिसत्ता मान्य केली, तेव्हाही वूक ब्रांकोविच वाकला नव्हता. तो १३९२ मध्ये वाकला आणि १३९७ मध्ये कैदेत मेला. गीतांनी या माणसावर केलेला अन्याय मला आजही खटकतो.

तुमच्या प्रश्नापुरते महत्त्वाचे हे की या कथेमुळे ‘वूक’ हे नाव बदनाम झाले नाही. ज्या लाझारचा घात झाला असे गीते म्हणतात, त्या लाझारच्या धाकट्या मुलाचेही नाव वूकच होते. ब्रांकोविचांच्याच घराण्यात पुढे वूक ग्रगुरेविच झाला. हंगेरीच्या राजाने १४७१ मध्ये त्याला सर्बियाचा ‘देस्पोत’ हा किताब दिला. लोकगीते त्याला अग्निमय ड्रॅगन म्हणून गातात. म्हणजे एकाच घराण्याच्या एका वूकला गीतांनी खलनायक केले आणि त्याच्याच पणतूला नायक. सर्बियन श्रोत्याला ‘ब्रांकोविच’ म्हटले की घात आठवतो, नुसते ‘वूक’ म्हटले की नाही. म्हणून आजारी मुलाच्या नावात लेखकाने घाताची सूचना ठेवली असेल असे मला वाटत नाही, आणि तळटीपेत ब्रांकोविचचा उल्लेख करून तुम्ही वाचकाला त्या वाटेवर नेऊ नये.

उलट नुसते ‘वूक’ म्हटले की सर्बियन माणसाला कराजिच आठवतात. आपण विनोबांना जसे नुसते विनोबा म्हणतो, तसे सर्बियन विद्वान आपल्या ग्रंथांतही त्यांना आडनावाशिवाय ‘वूक’ म्हणतात. एका ध्वनीला एक अक्षर या तत्त्वावर त्यांनी तीस अक्षरांची सर्बियन सिरिलिक वर्णमाला घडवली, लोकगीते आणि लोककथा गोळा केल्या, आणि जसे बोलता तसे लिहा हे तत्त्व आयुष्यभर लढवले. त्यांची लेखनपद्धती सर्बियात अधिकृतरीत्या पूर्णपणे मान्य झाली ती १८६८ मध्ये, म्हणजे व्हिएन्नात त्यांचे निधन झाल्यावर चार वर्षांनी. शाळेत सर्व विषयांत सर्वोच्च गुण राखणाऱ्या विद्यार्थ्याला आजही ‘वूकची पदविका’ मिळते, बेलग्रेडमधल्या एका भुयारी रेल्वे स्थानकाचे नाव ‘वूकचे स्मारक’ असे आहे, आणि त्रशिच गावात दरवर्षी त्यांच्या नावाचा मेळा भरतो. तुमच्या मजकुरात ‘वुकोव’ किंवा ‘वुकोवा’ असे शब्द आले तर ती नवी माणसे नव्हेत, ‘वूकचा’ आणि ‘वूकची’ अशी ती विशेषणे आहेत.

त्यांच्या नावाची रचनाही मराठी वाचकाला लगेच कळेल अशी आहे. वूक हे स्वतःचे नाव, स्तेफानोविच म्हणजे स्तेफानचा मुलगा, आणि कराजिच हे आडनाव. आपल्याकडे लिहितात तसाच हा क्रम आहे. आडनावावरून वाचकाला बोस्नियातील युद्धगुन्ह्यांसाठी शिक्षा झालेले रादोवान कराजिच आठवण्याचा संभव असतो, म्हणून टीप देणार असाल तर जन्माचे साल जरूर लिहा.

आता रूपांविषयी. सर्बियनमध्ये नामांना विभक्ती लागते आणि ती विशेषनामांनाही लागते. वूक हा कर्ता, ‘वुका’ म्हणजे वूकचा किंवा वूकला, ‘वुकू’ म्हणजे वूकला किंवा वूकविषयी, ‘वुकोम’ म्हणजे वूकबरोबर, आणि ‘वूचे’ ही हाक. संबोधनात शेवटच्या ‘क’चा ‘च’ होतो, म्हणून ते रूप सर्वांत परके दिसते. मी पहिल्याच अनुवादात वूक आणि वूचे यांना दोन भाऊ समजून चार पाने लिहिली होती. संपादकांनी मुलांची संख्या जुळत नाही हे दाखवले तेव्हा चूक लक्षात आली. मराठीत यांपैकी कोणतेही सर्बियन रूप ठेवू नका. आपली भाषा स्वतःच्या विभक्ती लावण्यास समर्थ आहे: वूकने, वूकला, वूकचा. ‘वूचे’ मराठीत ठेवले तर दुहेरी घोटाळा होतो, कारण वाचक ते ‘घराचे’, ‘गावाचे’ यांतल्या ‘चे’सारखे षष्ठीचे रूप म्हणून वाचेल.

लेखनाबाबत मी ‘वूक’ याच रूपाचा आग्रह धरते. सर्बियन उच्चारात या एकाक्षरी नावातला स्वर दीर्घ आहे, आणि मराठीचा नियमही फूल, दूध, मूल यांप्रमाणे अकारान्तापूर्वीचा उकार दीर्घ लिहावा असाच आहे. दोन्ही भाषा एकाच बाजूने बोलत असताना ‘वुक’ लिहिण्याचे कारण नाही. ‘व्हूक’ मात्र मुळीच नको. इंग्रजी नावे लिहिण्याच्या सवयीने आपण परदेशी नावांत ‘व्ह’ घालतो, त्यातूनच ‘नोव्हाक’ रूढ झाले, आणि रूढ झालेल्या रूपाला आता हात लावू नये. पण सर्बियन ‘व’ हा आपल्या ‘व’च्या पुष्कळ जवळचा आहे, तेव्हा जिथे रूप रूढ झालेले नाही तिथे सरळ ‘व’ लिहावा. आडनावातला शेवटचा ‘इच’ ऱ्हस्वच ठेवावा. ‘कराजीच’ असे लिहिले तर मराठी डोळा त्यातला ‘च’ जोर देणारा शब्दयोगी समजतो आणि ‘कराजी’ नावाच्या माणसाचा शोध घेऊ लागतो.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती मला स्वतःला फार प्रिय आहे. हे नाव आपल्याला वाटते तितके दूरचे नाही. जुन्या सर्बियन लेखांत ते ‘व्ल्क’ असे लिहिलेले सापडते. चेक भाषेत लांडग्याला आजही ‘व्ल्क’ म्हणतात, रशियनमध्ये ‘वोल्क’, लिथुआनियनमध्ये ‘विल्कास’, आणि संस्कृतात ‘वृक’. भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात आपण तोच शब्द उच्चारतो. सर्बियनमध्ये त्या जुन्या ‘ल्’चा ‘उ’ झाला, म्हणून पूर्णला ‘पुन’, लोकर या अर्थाच्या ऊर्णाला ‘वुना’ आणि वृकाला ‘वूक’. अनुवादात ‘वृक’ हे नाव घालू नका, तो लगेच पौराणिक पोशाख होईल. पण कथेच्या आरंभी दोन ओळींचे निवेदन देणार असाल तर त्यात ‘वृक’ या शब्दाचा उल्लेख जरूर करा. एका शब्दाने वाचक नावाच्या अर्थापर्यंत पोहोचेल आणि तुम्हाला कथेत कुठेही थांबून समजावून सांगावे लागणार नाही.

निवेदन द्यायचे नसेल, तर अर्थ आजीच्या किंवा शेजारणीच्या तोंडी ठेवा. मूळ मजकुरात बारशाचा, नाव ठेवण्याचा किंवा चेटकिणीचा उल्लेख कुठे आहे ते पाहा. बहुधा असतोच. तिथे ‘वूक म्हणजे लांडगा’ असा अर्धा वाक्यांश सामावून घ्या. तो लेखकाने लिहिलेला नसला तरी लेखकाच्या वाचकाला ठाऊक होता, म्हणून तो घालणे मी प्रामाणिकपणाचेच मानते. मूळ मजकुरात तसा उल्लेखच नसेल तर मात्र ओढूनताणून संवाद रचू नका. छोटी तळटीप बरी.

राहिली ती आजीची हाक, जिथे तुम्ही अडला आहात: ‘वूचे मोय’. सर्बियनमध्ये लांडग्याला मारायची हाक आणि वूक नावाच्या मुलाला मारायची हाक एकच असते, त्यामुळे आजी त्या एका शब्दात नातवाला जवळही घेते आणि अंधारात जे कोणी उभे असेल त्याला दरडावतेही. हे दोन्ही एका मराठी शब्दात येणार नाही. निवेदनात रामने म्हटले, रामला दिले असे लिहिणारे आपण हाक मारताना मात्र ‘रामा’ म्हणतो, आणि त्या ‘आ’मध्ये माया असते. मी तिथे ‘वुका, माझ्या वुका’ असे लिहीन. उकार इथे आपोआप ऱ्हस्व होतो, जसा मूलचा ‘मुला’ होतो. आणि दरडावणीसाठी त्याच वाक्याच्या पुढे किंवा मागे जागा शोधीन. तुम्ही लिहिले आहे की आजी ही हाक मारताना दाराकडे पाहत असते. ते दार अनुवादात काटेकोरपणे जपा, वाक्याच्या शेवटी ठेवा, आणि हाक थोडी मोठ्याने मारलेली असू द्या.